पावसात टायरची हवा काढू नका
मिरग लागला की गोव्यात हा सल्ला हमखास मिळतो: स्कूटरच्या टायरमधली हवा थोडी काढा, ओल्या रस्त्यावर पकड वाढते. हे चूक आहे, आणि जिवावर बेतणारं आहे. वाळूत, चिखलात ते चालतं. पसरट टायर रुतत नाही. डांबरावर साचलेलं पाणी मात्र टायरला दाबून खाचांतून बाहेर फेकावं लागतं. हवा कमी असली की रस्त्यावरचा दाब घटतो, खाचा मिटू लागतात आणि टायर एरवीपेक्षा कमी वेगातच पाण्यावर तरंगतो. चोडणच्या फेरीबोटीच्या ओल्या लोखंडी फळीवर तर वेग कमी ठेवणं हाच उपाय. हवा कंपनीने सांगितलेलीच भरा, टायर थंड असताना. खाचेतल्या आडव्या उंचवट्यापर्यंत रबर झिजलं असेल तर टायर लगेच बदला, चतुर्थीची वाट पाहू नका.