चेतापेशींवर दारूची चाचणी: खरं विष कोणतं?

जून 2015 मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक माणसांचा जीव घेतला. त्या दारूत मिथेनॉल होतं. पण हेच मिथेनॉल प्लेटमध्ये वाढवलेल्या चेतापेशींवर थेट टाकलं, तर बेताच्या मात्रेत त्या बऱ्यापैकी तग धरतात. कारण घात मिथेनॉल स्वतः करत नाही. यकृतातलं एक एन्झाइम त्याचं फॉर्माल्डिहाइड करतं, दुसरं एन्झाइम लगोलग त्याचं फॉर्मिक आम्ल करतं. हे आम्ल मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जा बनवणाऱ्या भागांत, ऑक्सिजन वापरणारी यंत्रणाच अडवतं. मग ऊर्जेची भूक मोठी असलेली डोळ्याची नस कोलमडते आणि माणूस आंधळा होतो.

चेतापेशींच्या प्लेटला यकृत नसतं. म्हणून अल्कोहोल तपासायचं तर त्यापासून बनणारं अल्डिहाइडही (मिथेनॉलच्या बाबतीत फॉर्माल्डिहाइड) वेगळं टाकून पाहावंच लागतं.

चाचणी दिसायला साधी. उंदराच्या गर्भातल्या मेंदूच्या पेशी किंवा एसएच-एसवाय5वाय ही मानवी पेशींची वंशावळ 96 खळग्यांच्या प्लेटमध्ये वाढवतात, वाढत्या मात्रेत द्रव्य घालतात आणि मग एमटीटी नावाचं पिवळं रसायन टाकतात. जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक करतात. रंग जितका गडद, तितक्या पेशी शाबूत.

खरी पंचाईत पुढे आहे. इथेनॉलपासून, म्हणजे नेहमीच्या दारूतल्या अल्कोहोलपासून, बनणारं अ‍ॅसिटाल्डिहाइड साधारण 20 अंशांनाच उकळतं, आणि इनक्युबेटर असतो 37 अंशांवर! खळग्यात घातलेलं द्रव्य तासाभरात उडू लागतं, वाफ शेजारच्या खळग्यांत शिरते आणि ज्या पेशींना काहीच दिलेलं नाही त्याही आजारी पडतात. म्हणून प्लेट नीट सीलबंद करावी लागते आणि मीडियममध्ये, म्हणजे पेशी ज्यात वाढतात त्या पोषक द्रवात, प्रत्यक्ष किती अल्डिहाइड उरलं तेही मोजावं लागतं. फॉर्माल्डिहाइडची तऱ्हा आणखी निराळी. ते जास्त मात्रेत पेशीला आहे त्या आकारात गोठवतं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी धडधाकट दिसते, प्रत्यक्षात ती कधीच मेलेली असते. नुसत्या नजरेवर विसंबून निकाल देणं इथे धोक्याचं आहे.

मात्रेचाही मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. भारतात वाहनचालकाच्या 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम इथेनॉल ही मर्यादा आहे, म्हणजे द्रावणाची तीव्रता मोजायच्या एककात सुमारे 6.5 मिलिमोलर. प्रयोगात मात्र 100 मिलिमोलरपर्यंत जातात. ते 100 मिलीमागे 460 मिलिग्रॅम झाले, म्हणजे सवय नसलेल्या माणसाचा प्राण धोक्यात येईल इतकं. अशा मात्रेत पेशी मेल्या म्हणून रोजच्या पिण्याबद्दल थेट काही ठरवता येत नाही.

मिथेनॉलवरचं औषध फोमेपिझोल यकृतातलं ते पहिलं एन्झाइमच बंद पाडतं. नुसत्या चेतापेशींच्या प्लेटमध्ये या औषधाचा गुण दिसलाच नसता. म्हणून काही प्रयोगांत सच्छिद्र पडद्याच्या एका बाजूला यकृताच्या पेशी आणि दुसऱ्या बाजूला चेतापेशी ठेवून दोघींना एकाच मीडियममध्ये वाढवतात.