करवत, टब आणि ड्यूई कॉक्स : ‘वॉक हार्ड’ची पार्श्वभूमी

संगीतकारांची टिंगल करणारे चित्रपट अमेरिकेत आधीही होते. ‘धिस इज स्पायनल टॅप’ १९८४ चा. पण तिथे विडंबन माहितीपटाचं होतं. २१ डिसेंबर २००७ ला आलेल्या ‘वॉक हार्ड : द ड्यूई कॉक्स स्टोरी’ने, एका काल्पनिक गायकाची गोष्ट सांगत, थेट चरित्रपटाचा साचाच हाती घेतला.

निमित्त ताजं होतं. २००४ मध्ये गायक रे चार्ल्सवरचा ‘रे’, २००५ मध्ये गायक जॉनी कॅशवरचा ‘वॉक द लाइन’. दोन्ही शेजारी ठेवा : अमेरिकेच्या दक्षिणेतलं गरीब बालपण, डोळ्यांदेखत गेलेला भाऊ, घरी एकटी पडलेली बायको, दौऱ्यांवरची व्यसनं, मग सुटका. आणि यातलं बरंचसं खरं आहे. चार्ल्सचा धाकटा भाऊ कपडे धुण्याच्या टबात बुडाला; कॅशचा थोरला भाऊ १९४४ मध्ये यांत्रिक करवतीच्या अपघातात गेला. बिघडतं ते पुढे. पटकथा नंतरच्या प्रत्येक गाण्याचं, प्रत्येक चुकीचं खापर त्याच जखमेवर फोडते.

दिग्दर्शक जेक कॅस्डन आणि सहलेखक जड ॲपटाव यांनी नेमकं हेच हेरलं. ‘वॉक द लाइन’ कॅशची मैफल असलेल्या फॉल्सम तुरुंगातल्या करवतीपाशी सुरू होऊन बालपणात शिरतो. ‘वॉक हार्ड’मध्ये रंगमंचामागे ड्रमर सॅम गंभीरपणे सांगतो की, गाण्याआधी ड्यूईला सगळं आयुष्य आठवावं लागतं. ड्यूईचा भाऊ कोयत्याच्या खेळात उभा चिरला जात नाही, आडवा दोन तुकडे होतो, आणि तरीही बोलत राहतो. चाळिशी ओलांडलेला जॉन सी. रायली चौदा वर्षांचा ड्यूई करतो.

खरी कसोटी गाण्यांची. गाणं टाकाऊ असेल तर हा माणूस तारा झालाच कसा, हे पटत नाही. म्हणून मार्शल क्रेनशॉ, डॅन बर्न, माइक व्हायोला यांच्यासारख्या मुरलेल्या गीतकारांनी रॉकबिली (सुरुवातीचं रॉक अँड रोल), बॉब डिलन, ‘बीच बॉइज’चा ब्रायन विल्सन असे एकेक काळ बांधले, आणि रायली स्वतः गायला. शीर्षकगीताला गोल्डन ग्लोबचं नामांकन मिळालं. तिकीटबारीवर मात्र सुमारे साडेतीन कोटी डॉलरचा खर्चही निघाला नाही.

साचा मात्र टिकला. पाचगणीत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीवरचा ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ (२०१८) बघा. त्यात त्याचा फुटलेला बँड ‘क्वीन’ लाइव्ह एड या मदतनिधीच्या मैफलीसाठी एकत्र येतो आणि त्याआधी फ्रेडी आपल्याला एड्स असल्याचं सांगतो. प्रत्यक्षात क्वीनचा दौरा दोनच महिन्यांपूर्वी, मे १९८५ मध्ये संपला होता. आजाराचं निदान झालं त्या मैफलीनंतर.