‘जळून खाक’ झालेला उपग्रह जातो कुठे?

2 एप्रिल 2022. गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास विदर्भापासून खानदेशापर्यंत लोकांनी आगीचे गोळे रांगेने आकाशातून सरकताना पाहिले. त्यानंतर चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे 3 मीटर व्यासाचं धातूचं कडं सापडलं आणि त्याच परिसरात अर्ध्या मीटरचा एक पोकळ गोळाही मिळाला. बातम्यांमध्ये शब्द आला ‘उल्कापात’. पण तो उल्कापात नव्हता. कक्षेच्या नोंदी जुळवून पाहणाऱ्या अभ्यासकांच्या मते, फेब्रुवारी 2021 मध्ये उडालेल्या चीनच्या लाँग मार्च 3बी रॉकेटचा तिसरा टप्पा त्या संध्याकाळी परत येत होता.

हा फरक ओळखणं अवघड नाही. उल्का सेकंदाला किमान 11 किलोमीटर वेगाने येते आणि बहुधा एक-दोन सेकंदांत विझते. कक्षेतून उतरणारी वस्तू सेकंदाला सात-आठ किलोमीटरने, जवळजवळ आडवी येते. त्यामुळे ती संथ वाटते, मिनिटभरही दिसत राहते आणि तिचे तुकडे एकामागोमाग एक त्याच रेषेत चालतात. पाडव्याला दिसलं म्हणून त्यात कुणी शुभ-अशुभ शोधू नये. तो टप्पा कोणत्या दिवशी पडणार हे पंचांगाने ठरवलं नव्हतं. ते ठरतं वरच्या विरळ हवेच्या घनतेवर, आणि ती घनता सूर्याच्या सक्रियतेप्रमाणे कमी-जास्त होते.

आता मुख्य मुद्दा. वस्तू वातावरणात शिरली की ‘घर्षणाने जळून खाक होते’ असं आपण शाळेपासून ऐकतो. या वाक्यात दोन चुका आहेत. पहिली चूक घर्षणाची. उष्णता मुख्यतः येते ती समोरच्या हवेला बाजूला व्हायला वेळच न मिळाल्यामुळे. ती हवा दाबली जाते आणि दाबली गेली की तापते. सायकलच्या चाकात जोरात हवा भरताना पंपाचं बूड गरम होतं, त्यामागेही मुख्यतः हेच कारण असतं. इथे मात्र हवेचं तापमान हजारो अंशांवर जातं. सेकंदाला 7.8 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या एक किलो वस्तूत सुमारे 30 मेगाज्यूल गतिज ऊर्जा असते. एक किलो ॲल्युमिनियम तापवून वितळवायला लागते जेमतेम 1 मेगाज्यूल. बरीचशी ऊर्जा हवाच घेऊन जाते, तरी उरलेली पुरून उरते.

साधारण 80 किलोमीटर उंचीवर सांगाडा फुटतो. ॲल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसला वितळतं, टायटॅनियम 1668 अंशांना. इंधन ढकलणारा वायू भरून ठेवायचे गोळे सहसा टायटॅनियमचे असतात, वर कार्बनच्या तंतूंचं वेष्टण. शिवाय ते पोकळ, म्हणजे आकाराच्या मानाने हलके. त्यामुळे उंचावरच्या विरळ हवेतच त्यांचा वेग मोडतो आणि ते वितळण्याआधी सुटतात. म्हणून असा गोळा शेतात अखंड सापडू शकतो.

दुसरी चूक ‘खाक’ या शब्दात आहे. वितळलेल्या ॲल्युमिनियमचे थेंब आणि वाफ हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतात आणि ॲल्युमिना तयार होतो. पॉलिश पेपरवर असतो तोच कुरुंद, रसायन तेच. इथे मात्र त्याचे कण नॅनोमीटरमध्ये मोजावे लागतात, इतके बारीक की ते खाली यायला वर्षानुवर्षं लागतात. 250 किलोच्या एका उपग्रहापासून असा सुमारे 30 किलो ॲल्युमिना तयार होतो, असं 2024 मध्ये प्रसिद्ध झालेलं एक गणित सांगतं. हे गणित आहे, मोजमाप नव्हे. मोजमाप वेगळं झालं आहे. नासाच्या डब्ल्यूबी-57 विमानाने अलास्कावरच्या स्थितांबरात, म्हणजे ओझोनचा थर असतो त्या उंचावरच्या हवेत, कण गोळा केले, त्याचे निष्कर्ष 2023 मध्ये आले. तिथल्या सल्फ्युरिक आम्लाच्या मोठ्या कणांपैकी सुमारे 10 टक्क्यांत यानांचे आणि रॉकेटचे धातू सापडले. लिथियम, ॲल्युमिनियम, तांबं आणि शिसं यांचं तिथलं प्रमाण नैसर्गिक अवकाशधुळीतून येणाऱ्या प्रमाणापेक्षा जास्त भरलं. बोटाचा ठसा म्हणावा तो मात्र नायोबियम आणि हाफ्नियमचा. रॉकेटच्या नोझलसाठी या दोन धातूंचा उष्णतारोधक मिश्रधातू वापरतात. उल्कांच्या धुळीतून ते असे येत नाहीत.

ओझोनचा संबंध इथे येतो. जुन्या फ्रिज-एसींमधल्या वायूंचं क्लोरीन अजून स्थितांबरात आहे, पण ते बरंचसं दोन निरुपद्रवी संयुगांत अडकलेलं असतं: हायड्रोजन क्लोराइड आणि क्लोरीन नायट्रेट. नुसत्या हवेत ही दोन्ही एकमेकांशी जवळजवळ प्रक्रिया करत नाहीत. ॲल्युमिनाच्या पृष्ठभागावर मात्र ती एकत्र येतात, क्लोरीनचा रेणू सुटतो, सूर्यप्रकाशात त्याचे दोन अणू होतात आणि प्रत्येक अणू ओझोनचे अनेक रेणू मोडतो. या सगळ्यात ॲल्युमिना खर्च होत नाही. तो उत्प्रेरक आहे. त्यामुळे किती किलो आला यापेक्षा किती पृष्ठभाग आला आणि तो किती वर्षं टिकला, हे महत्त्वाचं. आज ओझोनला किती धक्का बसला आहे याचं ठाम मोजमाप नाही, म्हणून ‘ओझोन संपला’ अशी आरोळी ठोकणंही चूकच.

काळजी आहे ती संख्येची. 2019 च्या सुरुवातीला पृथ्वीभोवती सुमारे 2,000 कार्यरत उपग्रह होते. त्याच वर्षी मे महिन्यात उपग्रहांवरून इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकचे पहिले 60 गेले, आणि आता एकट्या स्टारलिंकचे 8,000 हून जास्त आहेत. एका उपग्रहाचं आयुष्य धरतात सुमारे 5 वर्षं. 10,000 उपग्रह कायम ठेवायचे तर दरवर्षी 2,000 उतरवायचे, म्हणजे दिवसाला पाच-सहा.

वर असताना हेच उपग्रह आकाश बिघडवतात. 550 किलोमीटर उंचीवरचा उपग्रह डोक्यावर असेल, तर सूर्य क्षितिजाखाली 23 अंश जाईपर्यंत तो उन्हात असतो. महाराष्ट्रातून पाहिलं तर सूर्यास्तानंतर साधारण दीड-पावणेदोन तास, आणि पहाटेही तेवढाच वेळ. चिलीतल्या रुबिन वेधशाळेच्या कॅमेऱ्याचं क्षेत्र साडेतीन अंशांचं आहे. डोक्यावरून जाणारा उपग्रह ते साडेचार सेकंदांत ओलांडतो आणि फोटोवर आरपार रेघ सोडतो. रेघ ठळक असेल तर कॅमेऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक्समुळे तिच्या शेजारी खोट्या समांतर रेघाही उमटतात. म्हणून खगोलशास्त्रज्ञांची मागणी आहे की उपग्रहांची तेजस्विता सातव्या प्रतीपेक्षा मंद, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसण्याइतकी असावी. रेडिओ दुर्बिणींची अडचण निराळी. नेदरलँड्समधल्या लोफार दुर्बिणीला स्टारलिंकच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्समधून गळणाऱ्या लहरी 110 ते 188 मेगाहर्ट्झमध्ये ऐकू आल्या. नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण याच पट्ट्यातही कान लावून बसलेली असते.

पेच असा आहे की एका धोक्यावरचा उपाय दुसरा धोका वाढवतो. कक्षेत कचरा साचू नये म्हणून अमेरिकेने 2022 मध्ये नियम केला: काम संपल्यावर 5 वर्षांत उपग्रह उतरवा. जमिनीवर कुणाच्या डोक्यात तुकडा पडू नये म्हणून उपग्रह पूर्ण वितळतील असे बनवले जातात. दोन्ही नियम योग्यच, पण त्यांचा सगळा भार हवेवर येतो. क्योटो विद्यापीठाने 2024 मध्ये लाकडाचा 10 सेंटीमीटरचा लिग्नोसॅट सोडला, तो याच प्रश्नापोटी. पण मोठ्या उपग्रहाचा सांगाडा लाकडाचा करणं आज तरी दूर आहे. त्याआधी करण्यासारखी गोष्ट कागदावरची आहे. अमेरिकेत उपग्रहांच्या परवान्यांना पर्यावरणाच्या परीक्षणातून सरसकट सूट मिळाली ती 1986 मध्ये, तेव्हा असे ताफे कुणाच्या स्वप्नातही नव्हते. ती सूट पुन्हा तपासा, असं तिथल्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने 2022 मध्ये सांगितलं. परवाना मागणाऱ्याने निदान एवढं लिहून द्यावं: ताफ्यात एकूण किती किलो ॲल्युमिनियम आहे, आणि त्यातलं दरवर्षी किती हवेत सोडणार.