कारले पुन्हा चाखून पाहताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आठवड्याच्या भाजीपेटीत कारले आले की ‘त्याऐवजी दुसरे काहीही द्या’ असे सांगणारे ग्राहक आम्हाला लातुरात गल्लोगल्ली भेटतात. त्यांतील बहुतेकांनी कारले शेवटचे खाल्ले ते लहानपणी, वडीलधाऱ्यांच्या धाकाने. तो नकार स्वाभाविकच होता. वनस्पतींतील अनेक विषारी द्रव्ये कडू असल्यामुळे कडू चव नाकारण्याची प्रवृत्ती उपजत असते आणि मुलांमध्ये ती अधिक तीव्र असते. मात्र तीच चव थोड्या प्रमाणात आणि बळजबरीविना वरचेवर जिभेवर आली की ती अंगवळणी पडते. त्यासाठी आठ-दहा वेळा चाखावे लागले तरी नवल नाही. म्हणूनच पहिल्या दिवशी भरल्या कारल्याच्या वाटेला जाऊ नये.

सुरुवात काचऱ्यांपासून करावी. जून बिया काढून कारल्याच्या पातळ चकत्या कराव्यात, त्यांना मीठ चोळून अर्धा तास ठेवावे आणि सुटलेले हिरवट पाणी घट्ट पिळून टाकावे, म्हणजे मोमोर्डिसिनसारख्या कडू द्रव्यांचा काही भाग त्याबरोबर निघून जातो. उरलेले मीठ जिभेवरचा कडूपणाही दबवते; ‘साखरेत घोळले तरी कडू ते कडूच’ म्हणणाऱ्यांनी मीठ लावून पाहिले नसावे. यानंतर चकत्या मंद आचेवर, कडा तांबूस होऊन कुरकुरीत लागेपर्यंत, तेलात परताव्यात आणि उतरवताना लाल तिखट व शेंगदाण्याचा कूट घालावा. वरण-भाकरीसोबत तोंडी लावायला दोन-तीन चकत्या पहिल्या वेळी पुरेत.

त्या रुचू लागल्या की चिंच-गूळ घालून आणि येसर (भाजलेल्या धान्य-डाळींचे मसालेदार पीठ) लावून रस्सा करावा. भरले कारले त्यानंतर.

कोवळी, हिरवी, टणक कारली निवडावीत आणि ती केळ्यांजवळ ठेवू नयेत, कारण पिकणाऱ्या केळ्यांतून सुटणाऱ्या इथिलीन वायूमुळे ती लवकर पिवळी पडतात. कडूपणाची ही सवय दुधीला मात्र लावू नये : कच्च्या दुधीचा तुकडा कडू लागला, तर तो दुधी टाकूनच द्यावा, कारण तो कडूपणा विषारी असू शकतो. मधुमेहाची औषधे चालू असलेल्यांनी कारल्याचा रस नियमित घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

पाव किलो कारली नकोशी वाटत असतील, तर पेटी भरण्याच्या आदल्या दिवशी सांगावे. आम्ही एकच कारलेही देतो.