ओरोजीन

ओरोजीन : अमेरिकन लेखिका एन. के. जेमिसिन यांच्या ‘ब्रोकन अर्थ’ या कादंबरीत्रयीतील, भूगर्भातल्या ऊर्जेवर जन्मजात ताबा असलेली माणसे. ‘द फिफ्थ सीझन’ (२०१५), ‘द ओबेलिस्क गेट’ (२०१६) आणि ‘द स्टोन स्काय’ (२०१७) हे त्रयीचे तीन भाग. एकेक महाभूत वाटून घेतलेली शक्तिधारी कुळे कल्पनारम्य साहित्यात उदंड सापडतात. ओरोजीनांचे नाते मात्र फक्त पृथ्वीशी आहे, आणि तेही भूशास्त्राला धरून. भूकंप शमवणे, वळवणे आणि मनात आणले तर घडवणे, हे त्यांचे सामर्थ्य.

त्यांचे जग म्हणजे ‘स्टिलनेस’ नावाचा एकच प्रचंड खंड. नाव निश्चलतेचे असले तरी जमीन सतत हादरत असते. ज्वालामुखी किंवा मोठा भूकंप झाला की आकाश राखेने झाकोळते आणि हिवाळा संपता संपत नाही. हा हिवाळा सहा महिने किंवा त्याहून जास्त लांबला, तर राज्यकर्ते त्याला ‘पाचवा ऋतू’ जाहीर करतात. अशा ऋतूंत आजवर अनेक राज्ये आणि संस्कृती बुडाल्या आहेत. ‘कॉम’ म्हणवणाऱ्या वस्त्या तटबंदी करून राहतात, धान्याची कोठारे भरून ठेवतात आणि संकटात कोणाला आत ठेवायचे, कोणाला हाकलायचे हे आधीच ठरवून टाकतात.

या शक्तीला ‘ओरोजेनी’ म्हणतात. पर्वत कसे घडतात हे सांगणाऱ्या भूशास्त्रीय संज्ञेवरून हे नाव घेतले आहे. मेंदूच्या बुंध्याशी ‘सेसापिनी’ नावाचा अवयव असतो. तो सगळ्याच माणसांना असतो आणि त्यामुळे साध्या माणसालाही हादऱ्याची अंधूक चाहूल लागते. ओरोजीनाला मात्र त्याच्या बळावर खोलवरचे थर, भेगा आणि शिलारस जाणवतात, आणि त्यांना हातही घालता येतो. जादूच्या बहुतेक कथांत शक्ती येते कुठून, हे कोणी विचारत नाही. इथे प्रत्येक करामतीचा जमाखर्च मांडलेला असतो. जमिनीखाली ऊर्जा हाताशी असेल तर ओरोजीन ती वापरतो. नसेल, किंवा तिथवर पोचण्याइतकी तयारी नसेल, तर आजूबाजूची उष्णता खेचली जाते. त्याच्याभोवती एक कडे उमटते, त्यातल्या गवतावर बर्फ चढते आणि आत सापडलेली जनावरे व माणसे उभ्याउभ्या गोठून मरतात. नवशिक्याचे कडे ऐसपैस पसरते, मुरलेला ओरोजीन ते आवळून धरतो. म्हणून या विद्येत जोर किती यापेक्षा नेमकेपणा किती, याला किंमत आहे. भीती वाटली किंवा राग आला की शक्ती आपोआप उसळते, आणि लहान मुले पकडली जातात ती नेमकी अशाच क्षणी.

ही शक्ती वंशपरंपरेने येते, पण सरळ रेषेत नाही. साध्या आईबापांच्या पोटीही ओरोजीन जन्मतो. ओरोजीन आणि इतर (ओरोजीन त्यांना ‘स्टिल’ म्हणतात) यांना एकमेकांपासून मुले होतात. म्हणजे जीवशास्त्राच्या अंगाने ही वेगळी जाती ठरत नाही. उपजातीचा शिक्का कायद्याने मारलेला आहे : अंगात थोडीशी जरी ओरोजेनी असली तरी तेवढ्याने माणूसपण रद्द होते आणि अशांना कनिष्ठ, परावलंबी जीव मानावे, असे साम्राज्याचे अधिकृत जाहीरनामे सांगतात. लोकांच्या तोंडी त्यांच्यासाठी ‘रोगा’ ही शिवी आहे. जेमिसिन यांची खरी कमाई शक्तीच्या वर्णनात नाही, या कागदी व्यवहाराच्या वर्णनात आहे, असे प्रस्तुत नोंदकाराला वाटते.

वस्तीत सापडलेल्या मुलाला लोक बहुधा ठेचून मारतात. वाचलेच तर ‘गार्डियन’, म्हणजे ओरोजीनांवर वचक ठेवणारा रखवालदार, येऊन घेऊन जातो. डमाया या मुलीला घरचे गुरांच्या गोठ्यात कोंडून ठेवतात. तिच्या अंगावर कोटही नसतो, कारण असल्यांना थंडी वाजत नाही अशी आईची समजूत. न्यायला आलेला शाफा हा गार्डियन ती समजूत खोडून काढतो, मुलीशी मायेने बोलतो आणि पुढे वाटेत, घोड्यावर बसल्या बसल्या, तिच्या हाताची हाडे मोडतो. वेदनेतही तिची शक्ती उसळत नाही, म्हणून ती परीक्षेत उतरते.

राजधानी यूमेनिसमधल्या ‘फल्क्रम’ या निमलष्करी संस्थेत अशा मुलांना घडवले जाते. तिथे काळा गणवेश, खनिजांवरून ठेवलेली नवी नावे आणि बोटांत पायरीगणिक एकेक अंगठी असते. दहा अंगठ्या म्हणजे सर्वोच्च स्थान. कोणी कोणापासून मूल जन्माला घालायचे, हेही संस्थाच ठरवते. चार अंगठ्यांची सायनाइट आणि दहा अंगठ्यांचा अ‍ॅलबॅस्टर यांना असेच हुकमाने एकत्र धाडलेले असते. प्रवासात ती दोघे एका ‘नोड’ ठाण्यावर पोचतात. खंडभर पसरलेली ही ठाणी बारीकसारीक हादरे शमवत असतात. आत तारांच्या खुर्चीत नळ्या टोचलेल्या मुलाचे प्रेत असते. ज्यांना शिस्त लागत नाही, त्यांच्या मेंदूतला ताबा ठेवणारा भाग शस्त्रक्रियेने निकामी करून केवळ शमवण्याची उपजत क्रिया शिल्लक ठेवायची, अशी ही व्यवस्था. पुढे सायनाइट स्वतःचे मूल असल्या खुर्चीत जाऊ नये म्हणून स्वतःच्या हाताने त्याचा जीव घेते. हे वाचताना गुलामगिरीतून पळालेल्या मार्गारेट गार्नर या आईने १८५६ साली पकडले जाताना आपल्या मुलीचा जीव घेतल्याची अमेरिकेतली सत्यघटना आठवल्यावाचून राहत नाही.

फल्क्रमबाहेरही ओरोजीन जगतात. मीओव्ह बेटावर तेच वस्तीचे पुढारी असतात. पोट मात्र चाचेगिरीवर चालते. भूमिगत कास्त्रिमा वस्तीची प्रमुख यिका तर ‘रोगा’ ही शिवीच आपल्या नावात अभिमानाने लावते.

तिसऱ्या भागात उगमाकडे जाणारा धागा मिळतो. सिल अनाजिस्ट या अतिप्रगत संस्कृतीने नीस लोकांना जिंकून संपवले. त्यांच्याविषयीच्या खोट्या समजुतींना शोभेल असे रूप देऊन तिने प्रयोगशाळेत ‘ट्यूनर’ माणसे घडवली आणि ऊर्जायंत्र चालवायला जुंपली. नीसांविषयीची भीती आधी होती. तिचा पुरावा वाटावा असे शरीर नंतर तयार करण्यात आले.

त्रयीच्या तिन्ही भागांना २०१६, २०१७ आणि २०१८ अशी लागोपाठ तीन वर्षे सर्वोत्कृष्ट कादंबरीचा ह्यूगो पुरस्कार (विज्ञानकथा व कल्पनारम्य साहित्यासाठीचा) मिळाला. असा मान याआधी कोणालाही मिळाला नव्हता.