स्कॅनर गप्प झाला म्हणजे रेडिओ एन्क्रिप्ट झाला असं नाही

‘शेजारच्या शहरांनी मिळून डिजिटल रेडिओ यंत्रणा घेतली, आता पोलीस-अग्निशमनचं काहीच ऐकू येणार नाही,’ हा मेसेज अमेरिकेत वर्षानुवर्षं फिरतो. जुना स्कॅनर (असं बोलणं ऐकायचा रेडिओ) खरंच गप्प होतो, म्हणून तो पटतोही. पण डिजिटल वेगळं, एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय कळू नये म्हणून बोलणं कूटबद्ध करणं) वेगळं.

सामायिक पी-२५ (पोलीस-अग्निशमनसाठीचं डिजिटल रेडिओ मानक) ट्रंकिंगमध्ये, म्हणजे थोड्या फ्रिक्वेन्सी सगळ्यांनी वाटून वापरण्यात, कुणाचीच फ्रिक्वेन्सी ठरलेली नसते. बटण दाबलं की यंत्रणा त्या टॉकग्रुपला (आपसात बोलणाऱ्या गटाला) मोकळी फ्रिक्वेन्सी देते आणि ते कंट्रोल चॅनेलवरून, म्हणजे सूचनांसाठीच्या फ्रिक्वेन्सीवरून, कळवते. पुढचं वाक्य दुसरीकडेच असू शकतं. जुन्या स्कॅनरला बोलणं नाही, ऐकू येते ती फक्त कंट्रोल चॅनेलची अखंड घरघर.

तपासायला ट्रंकिंग समजणारा डिजिटल स्कॅनर किंवा एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) आणि डीकोडर (सिग्नल उलगडणारं सॉफ्टवेअर) लागतो. आधी कंट्रोल चॅनेल पकडा, मग प्रत्येक टॉकग्रुपचा अल्गोरिदम आयडी (कोणतं एन्क्रिप्शन आहे ते सांगणारा क्रमांक) बघा. हेक्समध्ये ८० म्हणजे उघडं बोलणं, ८४ म्हणजे एईएस-२५६ एन्क्रिप्शन; ते मात्र ऐकता येत नाही. एकाच यंत्रणेत दोन्ही असतात.

उघडा टॉकग्रुपही तुटक येत असेल तर बहुतेकदा सायमलकास्ट नडतं: अनेक टॉवर एकाच फ्रिक्वेन्सीवर, लहरी किंचित पुढेमागे. यागी अँटेना (एकाच दिशेचं पकडणारा) एकाच टॉवरकडे रोखून पाहा.