पेशीतला एक कोयता

दिवाळी सरली की आमच्या वाळवा तालुक्यात उसाचे फड लागतात आणि बीडकडच्या टोळ्यांची पालं पडतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायकोचं जोडपं म्हणजे एक कोयता. बहुतेक वेळा तो तोडतो, ती मोळ्या बांधते. नावात मात्र तोडणंच आलंय, बांधणाऱ्या बाईचे हात त्यात दिसत नाहीत, ही चुटपुट मला दर हंगामात लागते.

आपल्या आतड्यातही असाच एक कोयता आहे, व्हिलिन नावाचं प्रथिन. 1979 साली कोंबडीच्या आतड्यात ते ओळखलं गेलं.

आतड्याच्या अस्तरातल्या बहुतेक पेशींच्या माथ्यावर सूक्ष्मांकुरांचं दाट रान असतं. खाल्लेलं अन्न शोषायला जागा मिळते ती त्यांच्यामुळे. एक अंकुर जेमतेम 1 मायक्रोमीटर उंच. तो ताठ उभा राहतो, कारण त्याच्या आत ॲक्टिन नावाच्या प्रथिनाच्या वीस-तीस धाग्यांची मोळी असते. एकेक धागा सुमारे 7 नॅनोमीटर जाडीचा. व्हिलिन हे धागे एकमेकांना आवळून धरतं.

पेशीत कॅल्शियम वाढलं, की हेच व्हिलिन धागे तोडू लागतं.

एरवी पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम फारच थोडं असतं, बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी. त्यामुळे दार किलकिलं झालं तरी आत लगेच इशारा पोचतो. कॅल्शियम चिकटलं की व्हिलिनची घडी उलगडते, ते धाग्यात घुसून त्याचे तुकडे करतं आणि तुटल्या टोकावर टोपणासारखं बसून राहतं. जेल्सोलिन हा त्याचा भाऊबंद. दोघांच्या अंगात सारखेच सहा भाग. व्हिलिनला शेपटाशी एक जादा भाग आहे, बांधायला तोच लागतो. जेल्सोलिनला तो नाही, म्हणून त्याला तोडता येतं, मोळी बांधता येत नाही.

मग व्हिलिनच काढून टाकलं तर? असे उंदीर तयार केले, तेव्हा त्यांचे सूक्ष्मांकुर अगदी व्यवस्थित उगवले. बांधायला फिम्ब्रिनसारखी दुसरी प्रथिनं हाताशी होतीच. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो, कारण व्हिलिनवाचून काय अडतं ते त्यातून कळलं. कॅल्शियम वाढवूनही या उंदरांच्या मोळ्या तुटल्या नाहीत. आणि रसायन देऊन आतड्याला इजा केली, तेव्हा साध्या उंदरांपेक्षा हे जास्त दगावले. अस्तराला जखम झाली की कडेच्या पेशींना ताठपणा सोडावा लागतो. त्या चपट्या होतात, पसरतात, सरकत सरकत उघडी पडलेली जागा झाकतात. त्यासाठी आधी मोळी तुटावी लागते.